सुलक्षणा परब आणि कोरी चौकट

सुलक्षणा परब मुलुंडच्या एका धर्मादाय रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसते. साठ खाटांचं रुग्णालय आहे. ती तिथे लागली तेव्हा सगळं हाताने लिहायचे. आता तिला बावीस वर्षं होऊन गेली. राहायला विक्रोळीला, कन्नमवार नगरात. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्याच एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी झाले आणि तिथूनच रिटायर झाले. सुलक्षणा घाटकोपरच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाली. नवरा नितेश लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला आहे.

बाई हुशार म्हणून कुणी तिचं नाव घेत नसे. कामाला पक्की आणि बोलायला फटकळ, एवढी तिची ख्याती. मात्र तिची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. फॉर्मवरचा एखादा रकाना भरता आला नाही, तर ती तिथे अंदाजाने काही लिहीत नसे. बारीक अक्षरात ‘वि. ना.’ लिहायची, म्हणजे ‘विचारलं नाही’. नवीन नर्सना वाटायचं, डॉक्टरी शब्द असेल.

रुग्णालयात संगणकाची नवी पद्धत आली, पण कागदी फॉर्म बंद झाले नाहीत, कारण नातेवाइकांची सही कागदावर लागते. आधी कागद भरायचा, मग तेच संगणकात भरायचं. पडद्यावर नाव, वय, पत्ता, फोन, आणि खाली एक छोटी चौकट: पेनिसिलिनची ॲलर्जी. असेल तर चौकटीत टिचकी मारायची. नसेल तर पुढे जायचं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी भांडुपहून एका म्हाताऱ्याला रिक्षातून आणलं. सोबत फक्त शेजारी होता. म्हाताऱ्याला सणकून ताप होता, पायाला जुनी जखम, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. नाव धाकू गावडे. वय शेजाऱ्याने सत्तर-पंच्याहत्तर सांगितलं.

“कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?” सुलक्षणाने विचारलं.

“मला काय माहीत, बाई? मी वरच्या मजल्यावर राहतो. मुलीला फोन केलाय, येतेय ती.”

पेशंटला किंवा घरच्यांना विचारता आलं नव्हतं, म्हणून सुलक्षणाने कागदावर ‘वि. ना.’ लिहिलं. पडद्यावरची चौकट तशीच कोरी ठेवली आणि पेशंटला आत पाठवलं. मुलगी आली की विचारून घेऊ, असं तिच्या डोक्यात होतं. मागे रांग होती.

आत ड्यूटीवर डॉ. गार्गी देवधर होत्या. त्यांनी म्हाताऱ्याला विचारून पाहिलं, पण तो तापात बरळत होता. त्यांनी संगणकातून निघालेला कागद पाहिला. त्यावर छापलेलं होतं, ‘पेनिसिलिनची ॲलर्जी: नाही’. त्यांनी पेनिसिलिनच्या जातीतलं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत म्हाताऱ्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. डॉक्टर शेजारीच उभ्या होत्या म्हणून निभावलं. त्यांनी लगेच त्यावरचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत धोका टळला होता.

मुलगी शेवंती मधल्या वेळात पोहोचली होती. ती सगळ्यांवर ओरडली, आणि ओरडणं रास्तच होतं. “बाबांना पेनिसिलिन चालत नाही! गावाला असताना एकदा मरता मरता वाचलेत. कुणी विचारलं का आम्हाला?”

दोन दिवसांनी सुलक्षणा वॉर्डात जाऊन धाकूंना भेटली. ते उशीला टेकून चहा पीत होते.

“माका कोणीच इचारूक नाय गे बाय,” ते म्हणाले. “इचारल्यानी असतां तर सांगलंय असतंय.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तिला तो असता तर बरं वाटलं असतं, असं तिने नंतर नितेशला सांगितलं.

चौकशी झाली. प्रशासकीय अधिकारी होते अनंत खानोलकर, शिस्तीचे गृहस्थ, टेबलावर एकही कागद तिरका न ठेवणारे. त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक तिच्या हातचा, एक संगणकाचा.

“परब मॅडम, इथे तुम्ही ‘वि. ना.’ लिहिलंय. आणि इथे ‘नाही’.”

“संगणकात मी ‘नाही’ लिहिलेलं नाही, सर. मी काहीच लिहिलं नाही.”

“मग ‘नाही’ आलं कुठून? कॉम्प्युटरने स्वतःहून ठरवलं?”

खानोलकरांनी संगणक पद्धत बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एक तरुण आवाज होता. “सर, ते फील्ड बुलियन आहे. ट्रू किंवा फॉल्स, तिसरं काही नसतं. मॅडमच्या लॉगिनवरून फॉल्स सेव्ह झालंय.”

“म्हणजे ‘नाही’.”

“हो सर. फॉल्स म्हणजे ‘नाही’.”

खानोलकरांनी फोन ठेवला. सुलक्षणाने हातातल्या चिठ्ठीवर ‘बुलियन’ असं लिहून घेतलं. कसं लिहायचं हे माहीत नव्हतं, ऐकू आलं तसं लिहिलं.

आठवड्याने तिला लेखी समज मिळाली: निष्काळजीपणे चुकीची नोंद केल्याबद्दल. खिडकीवरून उचलून तिला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. नितेश म्हणाला, युनियनकडे जाऊ. ती म्हणाली, “जाऊन काय सांगू? काय झालंय ते मलाच सांगता येत नाहीये.”

चिठ्ठीवरच्या शब्दाचा अर्थ तिने ऑफिसातल्या दोघातिघांना विचारला. एकाने सांगितलं की हे जावामधलं असतं, प्रोग्रॅम लिहायची भाषा. मुलुंड पूर्वेला नलिनी टिपणीस म्हणून पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेल्या बाई शनिवारी सकाळी शिकवतात, असंही कळलं.

“जावा?” नितेश म्हणाला. “ती मोटारसायकल होती ना?”

“तुझ्या मामाकडे होती ती. ही वेगळी.”

“या वयात कॉलेजच्या पोरांमध्ये बसणार तू?”

“बसायला काय झालं? खुर्च्या असतील ना.”

टिपणीस बाईंचा वर्ग त्यांच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, सोसायटीच्या ऑफिसात भरायचा. नऊ जण होते. सुलक्षणा सत्तेचाळीस वर्षांची, आणि तिच्यानंतरचा सगळ्यात मोठा विद्यार्थी बावीसचा. पहिल्या तासाला तिने भाच्याचा जुना लॅपटॉप नेला होता. तो सुरू व्हायला सात मिनिटं लागायची.

बाई उंच, बारीक, खणखणीत आवाजाच्या. दुसऱ्या शनिवारी त्यांनी माहितीचे प्रकार काढले. खुर्चीत बसूनच त्यांनी सोसायटीच्या नोटीस बोर्डाकडे हात केला.

“फ्लॅटचा नंबर काय आहे? पूर्ण संख्या. तो इंटमध्ये. पाण्याच्या टाकीत किती फूट पाणी आहे? साडेचार. पॉइंट आला, म्हणजे डबल. विंग ए का बी? एक अक्षर, कॅर. लिफ्ट चालू आहे का? हो किंवा नाही. हा बुलियन. चेअरमनचं नाव? अक्षरांची माळ, स्ट्रिंग. आता एक लक्षात ठेवा. टाइप सांगितलात म्हणजे त्यात काय मावेल आणि त्याचं काय करता येईल, ते तुम्ही आधीच ठरवून टाकलंत.”

एका मुलाने मोबाइल नंबर इंटमध्ये भरून पाहिला. प्रोग्रॅम चालेना.

“मावत नाही,” बाई म्हणाल्या. “इंटची धाव दोन अब्जांच्या थोडी पुढे संपते. तुझा नंबर नऊ अब्जांच्या घरातला.”

“मग मोठा टाइप घेऊ?”

“घेशील. पण मला सांग, दोन मोबाइल नंबरांची कधी बेरीज केलीस?”

“नाही.”

“मग ती संख्या नाहीच रे. आकड्यांत लिहिलेलं नाव आहे ते. स्ट्रिंग घे.”

हे सुलक्षणाला आवडलं. तिने वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. पण ती ज्यासाठी आली होती ते अजून हाती लागलं नव्हतं.

ते पाचव्या शनिवारी लागलं. बाईंनी क्लास म्हणजे काय ते सांगितलं. क्लास म्हणजे कोरा फॉर्म, छपाईचा नमुना, आणि त्यावरून काढलेली प्रत्येक भरलेली प्रत म्हणजे ऑब्जेक्ट. सगळ्यांनी आपापला एक क्लास लिहायचा होता. मुलांनी विद्यार्थी लिहिला, क्रिकेटर लिहिला. सुलक्षणाने रुग्ण लिहिला. आत तीन गोष्टी ठेवल्या: नाव स्ट्रिंग, वय इंट, ॲलर्जी बुलियन. मग एक नवा रुग्ण काढला आणि त्यात काहीही न भरता तो पडद्यावर छापला.

तीन ओळी आल्या. नावापुढे ‘नल’. वयापुढे शून्य. ॲलर्जीपुढे ‘फॉल्स’.

तिने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग तिने हात वर केला. वर्गात हात वर करायची गरज नव्हती, बाकी कुणी करत नसे.

“मॅडम, मी काहीच भरलं नाही.”

“दिसतंय.”

“मग हे शून्य कुणी भरलं? आणि फॉल्स?”

“जावाने. ऑब्जेक्टच्या आतला इंट तुम्ही भरला नाहीत तर भाषा त्यात शून्य घालते. बुलियन असेल तर फॉल्स. हे मूळ प्रकार आहेत, त्यांना रिकामं राहताच येत नाही. स्ट्रिंगचं तसं नाही. ती स्वतःच ऑब्जेक्ट आहे, त्यामुळे नावाच्या जागी अजून काहीच नाही, असं सांगता येतं. नल म्हणजे तेच.”

“म्हणजे मी मुद्दाम फॉल्स लिहिलं असतं तर?”

“हेच दिसलं असतं.”

“आणि दोघांतला फरक?”

“नाही ओळखता येणार.”

सुलक्षणाने लॅपटॉप मिटला. मग लक्षात आलं की प्रोग्रॅम जपून ठेवलाच नाही, म्हणून पुन्हा उघडला. टिपणीस बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तास संपल्यावर तिला थांबवलं आणि काय भानगड आहे ते विचारलं. सुलक्षणाने सगळं सांगितलं, सुजलेल्या पायापासून लेखी समजेपर्यंत. बाईंनी ऐकून घेतलं आणि तिला आणखी एक गोष्ट दाखवली. जावामध्ये बुलियन दोन आहेत. एकाचं स्पेलिंग लहान बीने सुरू होतं, तो मूळ प्रकार. दुसऱ्याचं मोठ्या बीने, तो ऑब्जेक्ट. मोठ्या बीवाल्यात हो, नाही आणि नल असं तिन्ही ठेवता येतं. सुलक्षणाने आपल्या रुग्णातलं एकच अक्षर बदललं आणि पुन्हा छापलं. ॲलर्जीपुढे ‘नल’ आलं.

“हे घेऊन लगेच साहेबाकडे पळू नकोस,” बाई म्हणाल्या. “तो म्हणेल, हा तुझा प्रोग्रॅम, आमचा नव्हे. आधी पुरावा गोळा कर.”

पुरावा ती बसत होती तिथेच होता. रेकॉर्ड रूममध्ये दीड वर्षाचे कागदी फॉर्म गठ्ठ्यांनी रचलेले होते आणि कोपऱ्यात एक संगणकही होता. तिने तातडीच्या विभागातले सहा महिन्यांचे फॉर्म काढले. चारशे बारा निघाले. जेवणाच्या सुट्टीत आणि हातातलं काम संपल्यावर ती एकेक कागद संगणकातल्या नोंदीशी ताडून पाहायची. शेजारच्या टेबलावरची चेतना म्हणायची, “तुला शिक्षा म्हणून पाठवलंय की संशोधनाला?” तीन आठवड्यांनी चेतनाच अर्धे गठ्ठे वाचून दाखवू लागली.

एकशे सदतीस कागदांवर ॲलर्जीचा रकाना कोरा होता किंवा ‘वि. ना.’ लिहिलेलं होतं. संगणकात त्या एकशे सदतीसही जणांपुढे ‘नाही’ होतं. या नोंदी तिच्या एकटीच्या नव्हत्या, चार वेगवेगळ्या कारकुनांच्या होत्या. आणि तेवीस जण असे होते, ज्यांचं वय आणताना कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती खानोलकरांकडे गेली. प्रोग्रॅम काढलाच नाही. तेवीसमधला एक कागद पुढे ठेवला.

“सर, हा माणूस बघा. छातीत दुखतं म्हणून रस्त्यावरून आणला. मिशा आहेत, शेरा मारलाय. वय किती आहे बघा संगणकात.”

खानोलकरांनी पाहिलं. “शून्य?”

“असे तेवीस आहेत. यांच्यापुढे शून्य कुणी टाइप केलं असेल, सर? कोण टाकेल मिशीवाल्याचं वय शून्य?”

तिने एकशे सदतीस जणांची यादी शेजारी ठेवली. “वयाचं जे झालंय तेच ॲलर्जीचं झालंय. वयाचं दिसून येतं, कारण ते हास्यास्पद आहे. ‘नाही’ मात्र खरं वाटतं.”

त्यांनी यादी पूर्ण वाचली. प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचली, त्याला पंधरा मिनिटं लागली. मग कंपनीला फोन केला आणि या वेळी माणूस पाठवायला सांगितलं.

अंधेरीच्या ऑफिसातून अनय नावाचा तरुण आला. फोनवरचा आवाज त्याचाच होता. मूळ पद्धत त्याने बनवली नव्हती. बनवणारे कधीच दुसरीकडे गेले होते, हा सांभाळायला होता. खानोलकर, डॉ. देवधर, अनय आणि सुलक्षणा असे चौघे बसले. अनयने लॅपटॉपवर आतला मजकूर उघडला.

“पेशंटच्या क्लासमध्ये ॲलर्जीचं फील्ड आहे ना,” सुलक्षणा म्हणाली, “ते लहान बीचं आहे की मोठ्या बीचं?”

अनयने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. “लहान,” तो म्हणाला. मग म्हणाला, “सॉरी, मॅडम. त्या दिवशी मी फोनवर अर्धंच सांगितलं. फॉल्स सेव्ह झालं हे खरं, पण ते तुम्ही भरलं की आपोआप आलं, हे मी बघितलंच नाही. बघायला हवं होतं.”

डॉ. देवधर म्हणाल्या, “म्हणजे मी जो कागद वाचला, त्यावर कुणाचंच उत्तर नव्हतं.”

“नव्हतं, मॅडम.”

खानोलकर व्यवहाराचं बोलले. “ठीक आहे. जे खरोखर ‘नाही’ म्हणाले ते वेगळे काढा, बाकीचे दुरुस्त करा.”

“नाही निघणार, सर. आत दोन्ही सारखेच आहेत. सगळे फॉल्स.”

“एकूण किती?”

“अकरा हजार सहाशे.”

कॅन्टीनवाला चहा ठेवून गेला, तो तसाच राहिला.

दोन आठवड्यांत बदल झाला. चौकट गेली. तिच्या जागी तीन पर्याय आले: आहे, नाही, विचारलेलं नाही. त्यातला एक निवडल्याशिवाय कागद छापला जात नसे. अनयने मोठा बीही वापरला नाही, तीन नावांचा एक स्वतंत्र टाइपच केला. नल पाहून पुढचा कुणीतरी गोंधळेल, असं त्याचं म्हणणं. जुन्या नोंदींमधले सगळे ‘नाही’ एका फटक्यात ‘विचारलेलं नाही’ झाले, ज्यांनी खरंच ‘नाही’ सांगितलं होतं त्यांचेही. मग त्या अकरा हजार सहाशे माणसांना पुन्हा विचारायचं काम निघालं, आणि ते सुलक्षणाकडे आलं. तिला परत वर आणलं, एक फोन आणि एक टेबल दिलं.

हे काम आठ महिने चाललं. निम्मे नंबर बदललेले होते. काही जण वारले होते. तिथे घरच्यांशी चार शब्द बोलावे लागायचे. मानखुर्दच्या एका बाईंना वाटलं की हॉस्पिटल काही विकतंय, त्यांनी तीनदा फोन कापला. चौथ्यांदा उचलल्यावर म्हणाल्या, हो, मला पुरळ येतं त्या गोळीने, पण तुम्हाला कसं कळलं? लागलेल्या फोनांतून त्रेपन्न जण असे निघाले, ज्यांना पेनिसिलिन चालत नव्हतं आणि ज्यांच्या कागदावर इतके दिवस ‘नाही’ होतं. त्यातले चौघे मधल्या काळात रुग्णालयात येऊन गेले होते. त्यांना ते इंजेक्शन द्यावं लागलं नव्हतं, इतकंच.

लेखी समजेचं पुढे असं झालं, की खानोलकरांनी दुसरं पत्र काढलं. त्यात ‘सदर चूक संगणक पद्धतीतील त्रुटीमुळे घडली असून कर्मचाऱ्याचा दोष नाही’ असं म्हटलं होतं. पहिलं पत्र मात्र फाइलमधून निघालं नाही. काढायची तरतूद नाही, असं ते म्हणाले. त्या दिवशी ती घरी चिडून आली, नितेशशी कारण नसताना भांडली, जेवली नाही. दोनतीन दिवसांनी तिने तो विषय सोडला. दोन्ही पत्रांवर तारखा आहेत, वाचणाऱ्याला कळेल, एवढंच बोलली.

टिपणीस बाईंचा वर्ग तिने दिवाळीपर्यंत केला. इन्हेरिटन्स आलं तिथे ती अडकली. एका क्लासने दुसऱ्याचे गुण घ्यायचे, ही गोष्ट तिला समजायची, पण लिहिता यायची नाही. परीक्षेत शंभरातले एक्केचाळीस मिळाले. पुढच्या वर्गाला नाव घाल म्हणून बाईंनी दोनदा फोन केला. तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ते झाल्यावर तिनेच नाही म्हटलं. बाई थोड्या नाराज झाल्या. “तुझा प्रश्न आमच्या पॉलिटेक्निकात तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता,” असं त्यांनी तिला सांगितलं. सुलक्षणा म्हणाली की तिला तो विचारावा लागला, इतरांना लागला नसेल.

खानोलकर गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांना या प्रकरणातलं काही माहीत नाही. मार्चमध्ये रक्ततपासणी विभागासाठी नवी पद्धत आली, वेगळ्या कंपनीची. पाहणीला बोलावलेल्या कर्मचाऱ्यांत सुलक्षणा आणि चेतना होत्या. दाखवणाऱ्याने सगळे रकाने भरून एक सुबक रिपोर्ट काढून दाखवला. सुलक्षणा म्हणाली, आता काहीच न भरता एक काढा. तो म्हणाला, असं कुणी करत नाही, मॅडम. ती म्हणाली, तरी काढा. रिपोर्ट निघाला. हिमोग्लोबिन शून्य, साखर शून्य. नवे अधिकारी तो कागद हातात घेऊन बघत राहिले आणि सह्यांसाठी आणलेला करार त्यांनी परत फाइलमध्ये घातला. पाहणी दोन दिवस लांबली. शनिवारची सुट्टी गेली म्हणून चेतना तिच्यावर वैतागली, आणि तसं तिने तोंडावर सांगितलंही.